नर्मदाकाठचा अनारसा

जबलपुरातील मराठी माणसाचा इतिहास सांगावयास कोणी बसला की तो बहुधा १७८१ या सालापासून प्रारंभ करतो. त्या साली गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती आले. १७९८ मध्ये पेशव्यांनी तो मुलूख नागपूरकर भोसल्यांस दिला. आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. पुढे १८७० मध्ये मुंबईकडचा व कलकत्त्याकडचा असे दोन्ही लोहमार्ग येथे एकमेकांस मिळाले, आणि मराठी माणूस कारकून, शिक्षक, वकील होऊन या शहरी येऊ लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना मध्यप्रदेश मोडला; नागपूर मुंबई राज्यात गेले आणि उच्च न्यायालय जबलपुरास आले. या साऱ्या हकीकतीत फौजा आहेत, कचेऱ्या आहेत. स्वयंपाकघर मात्र कोठेच नाही. ते नसावे याचे आम्हांस वाईट वाटते, कारण आमच्या घरी इतिहासाचा जो एकमेव वाद झाला तो कढईपाशीच झाला.

वाद अनारशाचा होता. अनारसा हा मराठ्यांबरोबर नर्मदाकाठी आला, असे आम्ही लहानपणी ठामपणे मानीत असू. शेजारी दमोहकडचे एक कुटुंब राही. त्यांच्या घरून दिवाळीत फराळाचे ताट आले, त्यात तीळ लावलेले अनारसे होते. ‘हे तुम्ही आमच्याकडून शिकलात,’ असे आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले. त्या घरच्या वृद्ध गृहिणीस आमची आई जिज्जी म्हणे. जिज्जी हसल्या आणि म्हणाल्या, ‘बेटा, हमारी नानी की नानी भी बनाती थीं।’ आईने आम्हांस तेथल्या तेथे गप्प केले. पुढे कळले की गयेचा अनरसा प्रसिद्ध आहे, बिहारात व नेपाळातही तो होतो. भोसल्यांच्या फौजेवर आम्ही लादलेले हे ओझे उतरविणे भाग पडले.

तर मग आमचे असे त्यात काय उरले? थोडे उरले. जिज्जींच्या अनारशावर तीळ, आमच्यावर खसखस. (खसखशीची अफू ज्या शेतांतून निघते ती मंदसौर-नीमचची शेते याच राज्यात आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.) जिज्जी अनारसा उलटीत, आई उलटीत नसे. खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आचेवर, झाऱ्याने तूप वर उडवीत ती तो एकाच अंगाने तळी, आणि मग चाळणीत उभा करून ठेवी, म्हणजे तूप निथळून जाई. गूळ मात्र दोन्ही घरी एकच, नरसिंहपूर जिल्ह्यातील करेलीचा. कोल्हापूरच्या गुळाची आठवण आजीला असे. आईला ती नव्हती.

कृती ऐकावयास सोपी आहे. तांदूळ तीन दिवस भिजत घालावा, पाणी रोज बदलावे, चौथ्या दिवशी उपसून सावलीत फडक्यावर पसरावा, दमट असतानाच कुटून चाळावा. पिठाच्या वजनाइतका गूळ किसून चमचाभर तुपाने मळावा आणि गोळे करून डब्यात ठेवावे. चारपाच दिवसांनी पीठ आंबून मऊ होते. प्रमाण समसमान असल्यामुळे शेर जाऊन किलो आला तरी आमच्या घरी काही अडले नाही. अडते ते ‘दमट’ या शब्दापाशी. तांदूळ फार सुकला तर पुरी वातड होते व जाळी पडत नाही. ओल अधिक राहिली तर अनारसा तुपात पडताच विरघळून पसरतो. मराठीत त्यास अनारसा ‘हसला’ म्हणतात. मोजण्याचे साधन आईजवळ एकच होते. ती मूठभर तांदूळ दाबून पाही, मूठ उघडी, आणि तळव्याला किती दाणे चिकटून राहिले ते बघे. ‘किती चिकटावे?’ असे विचारले तर म्हणे, ‘तुला कळेल.’

अनारशाची खरी कसोटी दिवाळीत नसते, अधिक मासात असते. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना वाढतो. त्या महिन्यात तेहतीस अपूप कांस्यपात्रात घालून दान द्यावे, असे धर्मसिंधूत आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी हा ग्रंथ १७९० मध्ये रचला. त्या वेळी जबलपूर सागरकरांकडेच होते. अपूप म्हणजे कोणता पदार्थ, हे ज्याने त्याने आपल्या कढईप्रमाणे ठरविले. जिज्जींच्या घरी तेहतीस मालपुवे होत व ते ब्राह्मणास जात. आमच्याकडे तेहतीस अनारसे होत व ते जावईबापूंस जात. शास्त्र एक, भिंतही एक, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे दोन ताटे. अनारसा आमचा नव्हता. हे वाण मात्र निःसंशय दक्षिणेकडून आमच्याबरोबर आले, असे आम्हांस वाटते.

आईने शेवटचे वाण २०१५ च्या अधिक आषाढात केले. पावसाळी हवेत तांदूळ सुकेना, तेव्हा तिने तो पंख्याखाली रात्रभर राखला. त्यानंतरचा अधिक मास २०१८ चा, ज्येष्ठाचा, ऐन मे महिन्यात. आई नव्हती. धाकटीच्या यजमानांचे वाण राहू नये म्हणून आम्हीच पदर खोचला. जबलपूरच्या त्या उन्हाळ्यात तांदूळ सुकून खडखडीत होईल या धास्तीने आम्ही तो फार लवकर उचलला. मूठ दाबून पाहिली होती. तळव्याला दाणे चिकटले होते. ते पुष्कळ की थोडे, हे काही केल्या कळेना.

पहिला अनारसा हसला. दुसरा हसला. पाचव्यानंतर आम्ही कढई उतरविली आणि पदराने डोळे पुसले. धूर होता असे सांगितले. जिज्जींची सून ताक मागावयास आली होती. तिने पिठात बोट घातले, काही न बोलता घरी गेली आणि वाटीभर कोरडे तांदळाचे पीठ घेऊन आली. ‘अम्मा यही करती थीं,’ म्हणाली. जिज्जीही तोवर गेल्या होत्या. पीठ पुन्हा मळले, दोन दिवस ठेवले. या खेपेस पुरी तुपात धरून राहिली आणि वर जाळी उमटली.

एकतीस झाल्यावर खसखस संपली. उरलेल्या दोहोंवर तिच्याकडचे तीळ लावले. धाकटीच्या यजमानांनी ते दोन आधी उचलले.