येनानची वाट

सोलापुरात नवी पेठेत राहणाऱ्या मनुष्यास डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस हे नाव मुद्दाम शिकावे लागत नाही. भैय्या चौकातील त्यांचे घर आता स्मारक झाले आहे, आणि पुण्यतिथी जवळ आली म्हणजे आमच्यासारख्या प्राध्यापकास कोणी ना कोणी भाषणास बोलावतेच. या भाषणाचा साचा आम्हांस तोंडपाठ आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्म, मुंबईस शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण, चीनला प्रयाण, तेथेच विवाह, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी मृत्यू. गेल्या वर्षी हे सर्व म्हणून आम्ही व्यासपीठावरून खाली उतरलो तोच एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पण ते तिथपर्यंत गेले कसे?” आम्ही म्हणालो, “मुंबईहून बोटीने.” त्याने ते नम्रपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “बोट डोंगरात जाते का, सर?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे आम्ही या पुरुषाचे गुणगान केले, पण तो कोणत्या वाटेने गेला हे एकदाही नकाशावर पाहिले नव्हते. पुढील मजकूर हे त्या विद्यार्थ्यास दिलेले उशिराचे उत्तर होय.

बोटीचा भाग थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी सेनेचे सेनापती चू तेह यांनी १९३७च्या अखेरीस पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. पुढल्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांस आवाहन केले, बावीस हजार रुपये जमले, एक रुग्णवाहिका व औषधांच्या पेट्या सिद्ध झाल्या आणि पाच डॉक्टरांची निवड झाली. प्रमुख अलाहाबादचे अटल, ज्यांनी स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची शुश्रूषा केली होती, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. पाचांपैकी दोघे मराठी, हे आपल्याकडे क्वचितच कोणी सांगते. चोळकरांचे नाव खुद्द नागपुरात तरी किती जणांस ठाऊक असेल याची आम्हांस शंका आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मंडळी मुंबईहून निघाली आणि त्याच महिन्यात कँटनला उतरली.

तेथून पुढे युद्धच त्यांच्या पाठीस लागले. ऑक्टोबरात कँटन पडले, त्या मागोमाग हँको पडले. यांगत्सेच्या काठाने इचांग, मग चुंगकिंग, अशी ही मंडळी पश्चिमेस रेटली गेली. त्यांस जावयाचे होते उत्तरेस, शेन्सी प्रांतातील येनानला, जेथे चू तेह यांच्या आठव्या सेनेचे ठाणे होते. चुंगकिंगला असतानाच कोटणीसांस वडील वारल्याची बातमी कळली. सोबत्यांनी घरी परतण्यास सांगितले. ते परतले नाहीत. १९३९च्या जानेवारीत मंडळी उत्तरेस निघाली.

आता हा रस्ता नीट पाहावा. चुंगकिंग हे दमट, धुक्याचे, भातशेतीचे शहर. तेथून शेन्सीत जावयाचे म्हणजे मध्ये चिनलिंग पर्वताची रांग आडवी येते. या रांगेने चीनचे दोन भाग केले आहेत असे म्हटले तरी चालेल: दक्षिणेस भात, उत्तरेस गहू व बाजरीच्या जातीची धान्ये, दक्षिणेस पाऊस, उत्तरेस धूळ. प्राचीन काळी या कड्यांत खुंट्या ठोकून त्यांवर फळ्या टाकलेल्या वाटा होत्या. मोटारीचा सलग रस्ता झाला तो १९३०च्या पुढल्या दशकात, आणि तो किती कच्चा असेल याची कल्पना आपल्या घाटांत पावसाळ्यात अडकलेल्या मनुष्यास करता येईल. ऐन हिवाळ्यात हा डोंगर ओलांडून ही मंडळी शीआनला, म्हणजे प्राचीन चांगआनला, पोहोचली.

येथे थोडे विषयांतर करणे आम्हांस आवरत नाही. सातव्या शतकात ह्युएनत्संग याच नगरातून निघाला, वाळवंटे व हिमपर्वत तुडवीत हिंदुस्थानात आला, आणि ६४१च्या सुमारास पुलकेशीच्या महाराष्ट्रात फिरून गेला. इथल्या लोकांविषयी त्याने जे लिहून ठेवले त्यात असा आशय आहे की, संकटात कोणी साहाय्य मागितले तर हे लोक स्वतःस विसरून धावत जातात. ६४५ साली तो चांगआनला परतला. तेराशे वर्षांनी त्याच नगराच्या वेशीतून एक मराठी वैद्य, साहाय्य मागितले गेले म्हणून, लॉरीत बसून उत्तरेस गेला. योगायोगांस आम्ही इतिहास मानीत नाही. पण इतिहासाच्या शिक्षकासही योगायोगाचा आनंद होतोच.

शीआन साधारण आपल्या सोलापूरच्याच उंचीवर आहे. तेथून येनानपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटर रस्ता चढत जातो, आणि लोच्वानच्या पठारावर हजार मीटरांच्या वर पोहोचतो. हा प्रदेश म्हणजे वाळवंट नव्हे, परंतु वाळवंटाचे अपत्य आहे. गोबी व ओर्दोसच्या वाळवंटांतील बारीक धूळ लक्षावधी वर्षे वाऱ्याने उडून येथे साठली, आणि तिचा शंभर-दीडशे मीटर जाडीचा पिवळा थर झाला. भूगोलात हिला लोएस माती म्हणतात. १८६८ ते १८७२ या काळात चीनभर फिरलेल्या रिख्तहोफेन या जर्मन पंडिताने ही माती पाण्याने नव्हे, वाऱ्याने आणली आहे असे प्रतिपादिले, आणि पुढे ते मान्य झाले.

आमची दख्खनची काळी माती खालच्या खडकातूनच जन्मते. पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, पण आपली जागा सोडीत नाही. लोएसचे तसे नाही. ती कापली असता भिंतीसारखी उभी राहते, पावसाने मात्र विरघळत जाते. म्हणून तेथे पठारे सरळ कड्यांनी चिरलेली आहेत. समोरच्या टेकाडावरील मनुष्यास हाक ऐकू जाते, पण त्याला भेटावयाचे तर घळीत उतरून पुन्हा चढावे लागते. शतकानुशतके गाड्यांच्या चाकांनी झिजून जुन्या वाटा मनुष्याच्या उंचीहून कितीतरी खोल गेल्या आहेत. गाडीवानास वर केवळ आकाशाची एक पट्टी दिसते. कोरड्या दिवसांत धूळ आणि ओल्या दिवसांत घसरण, याखेरीज त्या रस्त्याने तिसरे काही देऊ केले नसावे. झाड नाही, दगड नाही. पाऊस पडतो तो बहुतेक उन्हाळ्याच्या अखेरीस, आणि तोही जेमतेम. दुष्काळाच्या कथा ऐकत वाढलेल्या सोलापूरच्या मनुष्यास या देशाचा रंग परका वाटला असेल, पण त्याचे दारिद्र्य ओळखीचे वाटले असेल, असे आमचे अनुमान आहे.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी मंडळी येनानला पोहोचली. त्यापूर्वी तीन महिने, २० नोव्हेंबर १९३८ रोजी, जपानी विमानांनी त्या गावावर पहिल्यांदा बाँब टाकले होते, आणि मनुष्यवस्ती डोंगराच्या कुशीत कोरलेल्या गुहांत गेली होती. लोएस उभी राहते म्हणून या गुहा टिकतात. हिवाळ्यात उबदार, उन्हाळ्यात थंड. निवास गुहांत, शिक्षण गुहांत, रुग्णालयही गुहांत. ज्या मातीने रस्ता अवघड केला तिनेच आसराही दिला.

आता आमच्या म्हणण्याचा मुख्य भाग. मंडळींनी बोली केली होती ती वर्षभराची. मुखर्जी प्रकृतीमुळे परतले, चोळकरही त्याच वर्षी माघारी आले. त्यांत उणे काही नाही. ठरले होते ते त्यांनी केले. १९३९च्या नोव्हेंबरात अटल, बसू व कोटणीस येनान सोडून आघाडीकडे निघाले, आणि पीत नदीपलीकडे शान्सीच्या ताइहांग डोंगरांत शिरले. पुढे अटलही आजारामुळे परतले. येथे मोटारीचे राज्य संपले. पुढे पाय, घोडे आणि खेचरे. जपान्यांच्या ताब्यातील आगगाडीचे रूळ रात्रीच्या अंधारात ओलांडावयाचे. बावीस हजारांच्या वर्गणीसह जी रुग्णवाहिका आपल्या लोकांनी एवढ्या हौसेने दिली, तिला या डोंगरांत चाक टेकण्यास जागा नव्हती. याच मुलखात नॉर्मन बेथ्यून या कॅनडातील शल्यवैद्याने खेचराच्या पाठीवर लादता येईल असे औषधालय तयार केले होते. तो १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, म्हणजे कोटणीस वाटेत असतानाच, जखमेतील विषाने वारला. १९४०त बसू येनानला परतले आणि कोटणीस राहिले. १९४१च्या जानेवारीत बेथ्यूनच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात को चिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला.

आमच्या भाषणांत कोटणीस मुंबईच्या धक्क्यावरच हुतात्मा होऊन निघतात. तसे घडलेले दिसत नाही. धक्क्यावर होता एक तरुण डॉक्टर, वर्षभरासाठी जाणारा. परतण्याची संधी त्यास चुंगकिंगला होती, येनानला होती, ताइहांगच्या पायथ्याशीही होती. प्रत्येक ठिकाणी रस्ता आधीपेक्षा अरुंद होत गेला, सोबती कमी होत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी त्याने पुढचा टप्पा घेतला. निर्णय एक नव्हे, चार-पाच होते. शांतारामबापूंनी १९४६ साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून चित्रपट काढला व कोटणीसांस अजरामर केले, हे उपकार थोर आहेत. परंतु पडद्यास धुळीच्या रस्त्यापेक्षा मृत्यूचा प्रसंग अधिक मानवतो, आणि आमचे सर्वांचे कोटणीस त्या पडद्यावरून उतरलेले आहेत.

अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला तो हपेई प्रांतातील डोंगराळ मुलखातल्या एका खेड्यात. १९५३ साली त्यांच्या अस्थी शिच्याच्वांग या मैदानातील आगगाडीच्या शहरी हलविण्यात आल्या. येनानच्या उघड्या टेकड्यांवर १९९९पासून शेती थांबवून मोठ्या प्रमाणावर झाडे लावण्यात आली. आजचा प्रवासी त्या पिवळ्या मुलखात बरीच हिरवळ पाहतो, आणि रुंद मार्गाने काही तासांत पोहोचतो.

विद्यार्थ्यास आम्ही घरी बोलावून हे सर्व सांगितले. आमच्याकडील आशियाच्या जुन्या नकाशात येनान छापलेले नाही. त्याने पेन्सिलीने ठिपका दिला, शीआनपासून रेघ ओढली, आणि पीत नदीपाशी हात थांबवून विचारले, “यापुढं तुटक रेघ काढू ना, सर? गाडी नव्हती म्हणून?” आम्ही होय म्हणालो. येत्या ९ डिसेंबरास तो नकाशा आम्ही बरोबर नेणार आहोत.