वाद्यांची सेवा आणि वादकांचा मान

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचें अहमदनगर, या शहराहून पूर्वेस पाथर्डीच्या वाटेनें निघालें म्हणजे पाथर्डीच्या अलीकडे तिसगांव लागतें. तिसगांवाहून थोड्याच अंतरावर मढी हें कानिफनाथांचें क्षेत्र आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीची यात्रा भरते, आणि त्या दिवसांत या भागांतील रस्त्यांवर काठ्या, निशाणें आणि वाजतगाजत चालणारे यात्रेकरू यांची रीघ लागलेली असते. मढीच्या देवस्थानास नगारखाना आहे. शाहूमहाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून यावेत म्हणून येसूबाईंनीं नाथांस नवस केला आणि त्या नवसापोटीं येथील महाद्वार व नगारखाना उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. शाहूमहाराजांची सुटका १७०७ सालीं झाली, एवढी गोष्ट इतिहासाची. नवसाची कथा ही श्रद्धेच्या प्रांतांतील आहे, आणि ती तेथेंच असूं द्यावी. परंतु तिच्यांतील एक खूण आजच्या विषयास उपयोगी पडणारी आहे. छत्रपतींची माता देवाला काय अर्पण करते? तर नगारा वाजविण्याची जागा! वाद्य वाजविणें ही सेवा आहे, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजलेली आहे.

नगारखाना कोणी बांधला हें लोक सांगतात. तेथें टिपरूं हातांत धरून पिढ्यान् पिढ्या कोण उभा राहिला, हें मात्र कोणी सांगत नाहीं. आज मी जें बोलणार आहें, तें या दुसऱ्या माणसाविषयीं आहे. तथापि त्याच्याकडे येण्यापूर्वीं आपणांस थोडा दूरचा प्रवास करावा लागेल.

अमेरिकेंतील विद्यापीठांत मैदानावर कवायतीच्या पावलांनीं चालत वाजविणारे मोठमोठे वाद्यवृंद असतात. सामन्याच्या दिवशीं शेंदीडशें विद्यार्थी, एका वेषांत, पितळी शिंगें आणि पडघम घेऊन मैदानावर उतरतात. ओक्लाहोमा संस्थानांतील स्टिलवॉटर या गांवीं शेतकी व यंत्रविद्येचें एक महाविद्यालय होतें. आज तेंच ओक्लाहोमा राज्य विद्यापीठ म्हणून ओळखलें जातें. तेथील वाद्यवृंदाचे नायक बोहुमिल माकोव्स्की हे १९१५ सालीं त्या कामावर आले. हे गृहस्थ बोहेमियांत जन्मलेले, लहानपणींच पोरके झालेले आणि तरुणपणीं अमेरिकेंत आलेले. त्यांच्या हाताखालीं वाजविणाऱ्या विल्यम स्क्रॉग्ज नांवाच्या विद्यार्थ्याच्या मनांत असें आलें कीं, वाद्यवृंदांतील मुलांचें एक बंधुमंडळ असावें. वाद्यवृंदांतून दहा जण निवडले गेले, आणि २७ नोव्हेंबर १९१९ रोजीं 'काप्पा काप्पा साय' या ग्रीक अक्षरांच्या नांवाचें मंडळ स्थापन झालें.

अमेरिकेंत ग्रीक अक्षरें धारण करणारीं विद्यार्थिमंडळें त्यापूर्वींही पुष्कळ होतीं. त्यांतील कित्येकांचा हेतु स्नेह, मेजवान्या आणि पुढील आयुष्यांत उपयोगी पडणाऱ्या ओळखी, हाच असे. या मंडळानें मात्र महाविद्यालयीन वाद्यवृंदाची सेवा हा आपला उद्देश म्हणून स्वीकारला. सेवा कसली? तर सरावापूर्वीं मैदान आंखून ठेवणें, जड वाद्यें गाडींत चढविणें व उतरविणें, गणवेष मोजून देणें व परत घेणें, उन्हांत उभ्या राहिलेल्या वादकांस पाणी नेऊन देणें, निधि जमविणें, आणि पाहुणा वाद्यवृंद आला तर त्याची उतरण्याची सोय पाहणें. ज्याला मंडळांत यावयाचें त्यानें आधीं वाद्यवृंदांत असलें पाहिजे. नंतर कांहीं काळ उमेदवारी करून, मंडळाचा इतिहास व नियम शिकून, त्याला दीक्षा मिळावयाची. तात्पर्य, वाजविणें ही येथें पहिली पायरी आहे. दुसऱ्याचें वाजविणें सुकर करणें ही तिच्या वरची.

या मंडळाचा इतिहास सर्वस्वीं निर्मळ सोयीचा नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पहिलीं कित्येक वर्षें तें केवळ पुरुषांचें होतें. वाद्यवृंदांतील मुलींसाठीं 'टाऊ बीटा सिग्मा' हें भगिनीमंडळ निघाले, तें १९४६ सालीं. पुढें शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुषभेद करण्यास मनाई करणारा कायदा १९७२ मध्यें झाला, आणि १९७७ मध्यें दोन्ही मंडळांचीं दारें सर्वांस उघडलीं. शिवाय नवागतांकडून सेवा घेण्याची चाल कोठें बिघडते, याचेंही उदाहरण त्या देशानें पाहिलें आहे. २०११ सालीं फ्लॉरिडांतील एका विद्यापीठाच्या वाद्यवृंदांतील एका तरुण वादकाचा, सहकाऱ्यांनीं 'दीक्षा' म्हणून केलेल्या मारहाणींत अंत झाला. हें कृत्य वर सांगितलेल्या मंडळाचें नव्हे. परंतु धडा सर्वांसाठींच आहे. जेथें सेवा मनानें दिली जाते तेथें बंधुत्व वाढतें; जेथें ती लादली जाते तेथें छळ सुरू होतो.

हें वाक्य मनांत ठेवून आतां आपण घरीं परत येऊं.

आपल्या खेड्यांतील वाद्यसेवा ही लादलेली सेवा होती. बलुतेदारीच्या व्यवस्थेंत देवळांतील वाद्य बहुधा गुरवाकडे असे. लग्नाची वरात, बैलपोळा, जत्रेंतील छबिना, सीमोल्लंघन, या प्रसंगीं हलगी, डफडें आणि सनई वाजविण्याचें काम कोठें मांगांकडे, कोठें होलारांकडे, तर कोठें घडशांकडे असे. त्यांना दीक्षा नव्हती आणि उमेदवारीही नव्हती. जन्म हीच त्यांची भरती. मोबदला म्हणजे सुगीच्या वेळीं खळ्यावर मिळणारें धान्य आणि सणावाराची पोळी. देवाच्या पालखीपुढें ज्यांच्या हलगीवांचून पाऊल पडत नसे, त्यांतील अस्पृश्य मानलेल्या वादकांना देवळाच्या पायरीपाशीं मात्र थांबावें लागे. पालखी आंत जाई. हलगी बाहेर राही. वरातींत सर्वांच्या पुढें चालणारा हा मनुष्य पंगतींत सर्वांच्या शेवटीं, आणि तोही दूर बसे.

या माणसाच्या विद्येविषयीं मात्र दोन शब्द बोलल्यावांचून पुढें जाववत नाहीं. हलगी म्हणजे एका कड्यावर ताणलेलें चामडें. परंतु तें वाजविण्यापूर्वीं जाळावर शेकून त्याचा सूर चढवावा लागतो, आणि हवा दमट असेल तर तो पुनः पुनः उतरतो. एका हातांत टिपरूं, दुसऱ्या हातांत बारीक छडी, आणि त्या दोहोंच्या मेळांतून लग्नाचें वाजविणें निराळें, कुस्तीच्या फडाचें निराळें, अंगांत येणाऱ्या देवीचें निराळें. फडांत मल्ल एकमेकांस भिडले म्हणजे हलगी चढते, आणि पाहणाऱ्यांच्या अंगावर कांटा उभा राहतो. ही विद्या कोणत्याही ग्रंथांत लिहिलेली नव्हती. ती बापाच्या मनगटाकडे पाहून मुलानें उचलावयाची असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या चित्रांत नवीन माणसें आलीं. १८९३ सालीं लोकमान्य टिळकांनीं सार्वजनिक गणेशोत्सवाचा पुरस्कार केला. त्याच्या आदल्याच वर्षीं भाऊ लक्ष्मण जावळे, म्हणजे भाऊ रंगारी, यांनीं पुण्यांत आपला गणपति बसविला होता. १८९४ पासून उत्सवांत मेळे निघूं लागले. मेळा म्हणजे एकसारखा पोषाख केलेल्या मुलांचा, ठेक्यावर पावलें टाकीत पदें म्हणणारा समूह. त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. मिरवणुकींत चालणें ही ज्या घरांत तोंवर दुसऱ्यांची कामगिरी समजली जात असे, त्या घरांतील मुलें आतां स्वखुषीनें रस्त्यावर आलीं. सरकारासही त्याची दखल घ्यावी लागली. विद्यार्थ्यांनीं राजकीय चळवळींत पडूं नये म्हणून १९०७ सालीं रिस्ले यांचें परिपत्रक निघालें, आणि पुढें मेळ्यांवर निर्बंध आले. १९२० नंतरच्या दशकांत पुण्यांत केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपति मेळ्यानें आणखी एक प्रश्न उभा केला : हा उत्सव कोणाचा आणि हा रस्ता कोणाचा? सन्मित्र मेळा आणि छत्रपति मेळा यांच्या झगड्यांतील कडू भाग आपण विसरूं. पण त्यांतील प्रश्न विसरण्यासारखा नव्हता.

मेळा हा मुख्यतः गळ्याचा होता. विद्यार्थ्यांच्या हातीं ढोल आला तो बराच नंतर. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकींत पूर्वीं ढोल-लेझमाचे ताफे येत ते मावळ-मुळशीकडील खेड्यांतून. शहरांतील मुलें ते कडेला उभीं राहून पाहत. आप्पा पेंडसे यांनीं १९६२ सालीं ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली, आणि तिच्या विद्यार्थ्यांनीं शिस्तीनें ढोल वाजवीत मिरवणुकींत उतरण्याचा प्रघात पाडला. पुढें शाळांचीं व माजी विद्यार्थ्यांचीं पथकें निघालीं, मुली आल्या, आणि आज ढोल-ताशा पथक ही महाविद्यालयीन वयाच्या हजारों मुलामुलींची महाराष्ट्रभर पसरलेली संस्था झाली आहे.

स्टिलवॉटरच्या मंडळाशीं या पथकाचें नातें सहज दिसण्यासारखें आहे, जरी दोघांस एकमेकांची वार्ताही नसेल. पथकांत नवीन आलेल्या मुलाच्या कमरेला पहिल्या दिवशीं ढोल बांधीत नाहींत. गणपतीच्या आधीं दोनएक महिने सराव सुरू होतो. आरंभीं त्यानें ढोल वाहावयाचे, दोऱ्या ओढून पान ताणावयास शिकावयाचें, मिरवणुकीच्या कडेला दोर धरून चालावयाचें, वाजविणाऱ्यांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावावयाचा. मग कधीं तरी त्याच्या हातीं टिपरूं येतें. पहिल्या आठवड्यांत बोटें फुटतात, पट्ट्या बांधाव्या लागतात. ताशा सांगेल तेव्हां ठेका बदलावयाचा आणि ताशा थांबेल तेव्हां थांबावयाचें. पन्नास ढोलांमध्यें आपला एक ढोल निराळा ऐकूं आला, तर ती चूक समजावयाची. अहंकार घालविण्याचा याहून सोपा मार्ग विरळाच.

परंतु, श्रोतेहो, येथेंच माझ्या विषयाचें खरें टोंक आहे. सुशिक्षित घरांतील मुलगा ढोल वाहतो तेव्हां आपण त्याला सेवा म्हणतों, शिस्त म्हणतों, आणि त्याचें कौतुक करतों. तें योग्यच आहे. वाजंत्र्याचा मुलगा तेंच ओझें वाहत होता तेव्हां आपण त्याला बलुतें म्हणत होतों. ओझें तेंच, चामडें तेंच. भेद एवढाच कीं एकाला नाहीं म्हणण्याची मोकळीक होती आणि दुसऱ्याला नव्हती. १९५८ सालीं मुंबई राज्यानें कायदा करून गांवकीचीं कनिष्ठ वतनें रद्द केलीं, आणि बलुत्याची रीतही काळाच्या ओघांत ओसरली. वेठ गेली हें उत्तम झालें. अनेक घरांनीं तर हलगी समजून उमजून खालीं ठेवली. ज्या वाद्याबरोबर अपमान चिकटलेला होता तें मुलाच्या हातीं द्यावयाचें नाहीं असें त्यांनीं ठरविलें, आणि त्यांस कोणी बोल लावूं नये. पण ज्यांनीं तें सोडलें नाहीं, त्यांच्या वाट्याला काय आलें? वरातींत बँड आला, मिरवणुकींत कर्णे आले, आणि ढोलाला जेव्हां प्रतिष्ठा आली तेव्हां ती बहुतांशीं नव्या हातांकडे गेली.

यावर पथकांतील मुलामुलींस दोष देणें हें उथळपणाचें होईल. त्यांनीं कोणाचें कांहीं हिरावलेलें नाहीं. उलट वाद्य हलकें आणि वाजविणारा हलका, ही शतकांची समजूत त्यांनीं स्वतःच्या खांद्यावर ढोल घेऊन मोडली. राहिलें आहे तें अर्धें काम. वाद्याला मान मिळाला. वादकाला तो पोंचावयाचा आहे.

आतां पुनः तिसगांवच्या रस्त्यावर या. या भागांतील एखादा मुलगा शिक्षणासाठीं नगरास जातो. १९४७ सालीं डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं स्थापन केलेलें अहमदनगर कॉलेज तेथें आहे, इतरही महाविद्यालयें आहेत. आणि भाद्रपद जवळ आला कीं सरावाचे ढोल वाजूं लागतात. समजा, तो पथकांत गेला, दोन महिने त्यानें पाणी वाटलें, दोऱ्या ओढल्या, शेवटीं ढोल बांधून मिरवणुकींत वाजविला. फाल्गुनांत तो गांवीं येतो. मढीच्या वाटेवर एक वृद्ध हलगीवाला जाळावर चामडें शेकीत बसलेला त्याला दिसतो. सहा महिन्यांपूर्वीं तो त्याच्याकडे न पाहतां पुढें गेला असता. आज त्याच्या बोटांवर घट्टे आहेत. हें मनगट काय करीत आहे हें त्याला कळतें. तो थांबला आणि त्यानें म्हटलें, 'बाबा, मला हें शिकवा,' तर पथकानें त्याला दिलेली दीक्षा पुरी झाली असें मी म्हणेन.

एवढें घडण्यासाठीं फार मोठ्या योजनेची गरज नाहीं. ज्या पथकाजवळ सुपारीचे पैसे जमतात, त्यानें त्यांतून गांवच्या एखाद्या हलगीवाल्यास वा सनईवाल्यास गुरुदक्षिणा देऊन वर्षांतून कांहीं दिवस शिकविण्यास बोलवावें. त्याचें नांव पत्रिकेवर छापावें. मिरवणुकींत त्याला पुढें चालूं द्यावें, आणि पंगत बसेल तेव्हां पहिल्या रांगेंत त्याचें पान मांडावें. वाद्यवृंदाची सेवा म्हणजे त्यांतील माणसांची सेवा, हें स्टिलवॉटरच्या दहा विद्यार्थ्यांनीं १९१९ सालीं ओळखलें. आपल्या नगारखान्यांत तर माणूस त्याच्या कितीतरी आधींपासून उभा आहे. त्याला बसावयास सांगण्याइतका वेळ आपणांस खचितच काढतां येईल.