सुगरणीचा खोपा आणि पत्र्याचा पट्टा

गेल्या आषाढात चार दिवस मोर्शीला घरी होतो. सांदवाडीत (म्हणजे आमच्याकडे घरामागची मोकळी जागा) लिंबूच्या झाडात बुलबुलाने घरटं केलं होतं. जेमतेम कमरेच्या उंचीवर. तीन अंडी. मी दिवसातून दहादा जाऊन बघायचो, फोटो काढायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी घरट्याची वाटी उलटी, अंडी गायब आणि शेजारचा बोका कंपाउंडच्या भिंतीवर बसून मिशा चाटतोय. पुराव्याअभावी त्याला सोडून द्यावं लागलं :)

आजी म्हणाली, "काऊन रे, एवढी इंजिनिअरिंग केली अन् एक बोका आवरला नाई तुले?"

लागलं ना ते मनाला! मग रात्री बसून वाचत गेलो. उपाय सगळीकडे तेच. खोडाला गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळा, म्हणजे मांजर-उंदरांची नखं रुतत नाहीत. भिंतीला टेकणाऱ्या फांद्या छाटा. आणि घरट्यापाशी सारखं जाऊ नका, बाकीच्यांना पत्ता कळतो. तिसरी चूक माझीच होती हे आजीला सांगितलेलं नाही.

पत्र्याची युक्ती काही नवी नाही. कोकणात उंदीर चढू नयेत म्हणून माडांना असेच पट्टे मारतात. तिकडे नारळ वाचवायचे असतात, इकडे अंडी. पण केवळ पाखरांसाठी एवढा उपद्व्याप पहिल्यांदा कोणी केला, हे शोधताना चार्ल्स वॉटरटन नावाचा एक अवलिया सापडला. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला वॉल्टन हॉल ही त्याची जहागीर. १८२१ ते १८२६ या काळात त्याने तिच्याभोवती सुमारे तीन मैल लांब भिंत बांधली. कोल्हे बाहेर आणि चोरटे शिकारीही बाहेर. आत बंदूक चालवायला बंदी. पक्ष्यांना घरटी करायला त्याने भिंतींत भोकं ठेवली, मनोरे उभारले. एवढा पैसा कुठून आणला? तर आपण न प्यायलेल्या वाईनचे पैसे वाचले त्यातून, असं तो सांगायचा. आपल्याकडे हे गणित कुणी करून बघितलंय का माहीत नाही. असो.

तीन मैलांची भिंत हे जरा जास्तच झालं. कारण हाच प्रॉब्लेम भिंत न बांधता सोडवणारा एक कारागीर आमच्या शेतातल्या विहिरीवर दर पावसाळ्यात कामाला असतो. सुगरण पक्षी.

त्याने जागा कशी निवडलीय बघा. बाभळीची फांदी, म्हणजे काटे आले. तीही विहिरीवर झुकलेली, म्हणजे खाली पाणी. खोपा फांदीच्या अगदी टोकाला लटकवलेला, जिथे मांजराचं वजन पेलत नाही. आणि आत जायची वाट खालून, लांब नळीतून. शिडी नाही, उंबरठा नाही, बसायला जागा नाही. सुगरण उडत येते आणि सरळ नळीत शिरते. सरड्याने किंवा कावळ्याने काय करावं? हे सगळं गवताच्या आणि शिंदीच्या पात्यांच्या चिरफळ्या चोचीने विणून. एका खोप्यासाठी शेकडो खेपा होतात.

आता गंमत अशी की हे विणकाम करतो नर. 'सुगरण' हे नाव आपण दिलं बाईचं. बहिणाबाई चौधरींची खोप्याची कविता आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली, तिच्यातही खोपा बांधते ती आईच. (बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. कविता पुस्तकरूपाने आल्या त्या १९५२ मध्ये.) नर विणतो हे पक्षी बघणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. पण पुढचं कोडं सोडवलं सलीम अलींनी, आणि तेही नोकरी गेल्यावर!

मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते गाइड-लेक्चरर होते. पक्षिशास्त्र शिकायला बर्लिनला एर्विन स्ट्रेसमान यांच्याकडे गेले. १९३० मध्ये परत येतात तर पैशांअभावी पोस्टच रद्द. आपल्या भाषेत, ऑनसाइटहून आलो आणि बेंचसुद्धा नाही. मग अलिबागजवळ किहीमला, बायकोच्या माहेरच्या घरी जाऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. बसले निरीक्षण करत. दिसलं ते असं. नर खोपा अर्धाच विणतो, शिरस्त्राणासारखा. मग माद्या येतात, आत शिरून तपासतात. पसंत पडला तर मादी तिथे राहते आणि नर उरलेली खोली व नळी पूर्ण करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसरीसाठी. हा लेख १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आला.

म्हणजे सगळं काम पूर्ण करून मग टेस्टिंग, असा प्रकारच नाही. अर्ध्यावरच रिव्ह्यू. नापास खोपे तसेच लटकत राहतात, ते आपल्याला विहिरीवर दिसतात ना, ते.

तरीही हा किल्ला अभेद्य नाहीच. सरडे पोचतात, कावळे पोचतात. उंदरांनी खोप्यात शिरून मालकालाच बाहेर काढल्याच्या नोंदी आहेत. एवढी काटेरी, पाण्यावरची जागा निवडूनही पुष्कळ विणी वाया जातात. जागाच नसेल तर काय होत असेल?

हे मी उगाच विचारत नाहीये. आमचा भाग संत्र्याचा. वरुड-मोर्शी पट्ट्यात विहिरी आटल्या तसे लोक बोअरकडे वळले. विहीर बुजली की काठावरची बाभूळ कशाला ठेवायची? आमची विहीर अजून चालू आहे. बाभळीवर यंदा अकरा खोपे मोजले, त्यातले चार अर्धे. पण बाबांचं म्हणणं, पाला पाण्यात पडतो आणि कडेच्या दोन संत्र्यांवर सावली येते. "यंदा बाभूय तोडून टाकू," ते जेवताना म्हणाले.

मी त्यांना सलीम अली, किहीम, वॉटरटन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, भाकरी वाढून घेतली. शेवटी म्हटलं, निदान पिल्लं उडेपर्यंत, दिवाळीपर्यंत तरी थांबा.

"बरं. पण दिवाळीनंतर मंग मले काई सांगू नको."

लिंबूला पत्रा मारून पुण्याला परत आलो. दिवाळीची तिकिटं काढलीत.