दह्यात साखर आली कुठून?

आजचा भाग सुरू होतो माझ्या ब्लड रिपोर्टपासून. वय २८, दिवसभर लॅपटॉपसमोर काम, आणि एचबीएवनसी ६.१. ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस. बाबांना आधीच डायबेटिस आहे, त्यामुळे रिपोर्ट बघून आई गप्पच झाली. मी म्हटलं, "अगं, मी तर संध्याकाळी वेफर्ससुद्धा खात नाही, स्ट्रॉबेरी योगर्ट खातो!" मग डब्याचं लेबल वाचलं आणि मीच गप्प झालो.

आता थोडं मागे जाऊ. १९०५ साली जिनिव्हात शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या गावाकडच्या दह्यातला जिवाणू शोधला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह सांगू लागले की आंबवलेलं दूध आयुष्य वाढवतं. १९१९ मध्ये आयझॅक कारासो यांनी बार्सिलोनात दह्याचा छोटा कारखाना काढला. मुलगा डॅनिएलच्या लाडक्या नावावरून ब्रँडचं नाव ठेवलं डॅनोन. आणि हे दही विकलं जायचं कुठे, तर औषधांच्या दुकानात! मुलांच्या पोटाच्या तक्रारींवर उपाय म्हणून.

दुसऱ्या महायुद्धात डॅनिएल न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी दह्याचा धंदा उभा केला. पण अमेरिकन जिभेला आंबट दही रुचेना. मग १९४७ मध्ये डब्याच्या तळाशी स्ट्रॉबेरीचा गोड मुरंबा आला आणि खप वाढला. गंमत बघा, आत साखर आली, पण औषधाच्या दुकानातली 'तब्येतीला चांगलं' ही ओळख बाहेर तशीच राहिली. मी फसलो तो तिथेच.

आपणही दह्यात साखर घालतोच की. चक्का बांधला की पाण्याबरोबर दुधातली थोडी साखर निघून जाते, आणि मग आपण त्यात वाटीला वाटी साखर घालतो! पण श्रीखंडाला कुणी डाएट फूड म्हणत नाही. ते पाडव्याचं, दसऱ्याचं पक्वान्न. मी मात्र रोज पक्वान्न खात होतो, डाएट समजून.

माझ्या १०० ग्रॅमच्या डब्यात एकूण साखर १३ ग्रॅम होती. साध्या दह्यात दुधाची स्वतःची ४-५ ग्रॅम असतेच. म्हणजे वरून घातलेली आठेक ग्रॅम, साधारण दोन चमचे. म्हणून लेबलवर 'ॲडेड शुगर' ही ओळ आधी बघायची. 'फॅट फ्री' म्हणजे 'शुगर फ्री' नव्हे.

दही मी सोडलेलं नाही. साधं दही रक्तातली साखर झटकन वाढवत नाही, त्यातली प्रथिनं पचनाचा वेग कमी करतात. आता मी घरच्या दह्यात पेरूच्या फोडी किंवा मूठभर डाळिंबाचे दाणे घालतो, वर चिमूटभर दालचिनी. फळातही साखर असते, म्हणून मूठभरच. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच बदल करा.

तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट आहे. आकडा काय येतो ते सांगेनच. तोवर फ्रिजमधला तुमचा डबा जरा उलटा करून वाचा. भेटू पुढच्या भागात!