डफल कोट: युद्धातला कोट शांतता मोर्चात कसा पोचला?

आज एका कोटाची गोष्ट. हो, कोटाचीच. ऐका तर खरं.

ऑनसाइटला इंग्लंडमध्ये होतो, पहिलाच जानेवारी. बसस्टॉपवर बोचरा वारा, आणि हातमोजे घातलेल्या बोटांनी जॅकेटची चेन काही लागेना. मोजे काढले तर बोटं बधिर. शेजारी एक आजोबा जुना, जाडजूड कोट घालून उभे होते. त्यांनी मोजे न काढता, खाली न बघता, विटीसारखे तीन-चार लाकडी तुकडे दोरीच्या फासांत अडकवले. झालं काम! तो होता डफल कोट.

डफल हे बेल्जियममधलं, अँटवर्पजवळचं गाव. जाड, भरड लोकरी कापडासाठी ओळखलं जायचं. त्यावरून कोटाला नाव पडलं. ब्रिटिश नौदलाने तो पहिल्या महायुद्धात वापरला आणि दुसऱ्या महायुद्धात तर तो खलाशांच्या अंगावर सर्रास दिसायला लागला.

आता जरा डोळ्यांसमोर आणा. १९४१ ते १९४५ या काळात मालवाहू जहाजांचे ताफे आर्क्टिक समुद्रातून रशियाच्या मुर्मान्स्क आणि अर्खांगेल्स्क बंदरांकडे जायचे. डेकवर उडालेलं पाणी तिथेच गोठायचं. त्या बर्फाच्या वजनाने जहाज कलंडू नये म्हणून खलाशी हातोडे, कुऱ्हाडी घेऊन बर्फ फोडायचे. अशा ठिकाणी बटण लावत कोण बसणार? म्हणून त्या लाकडी विट्या. हूड एवढा मोठा का? तर टोपीवरूनही बसावा. कोट ढगळ का? तर आत स्वेटर मावावेत. आज जे आपल्याला 'व्हिंटेज लुक' वाटतं, ते तेव्हा कुणाच्या तरी गारठलेल्या हातांसाठी काढलेलं उत्तर होतं.

आणि लोकर? लोकरीचे तंतू कुरळे असतात, त्यांच्यात हवा अडकते आणि ऊब टिकते. थोडी ओल लोकर पोटात घेते, पण अंगाला लगेच गार लागत नाही. आपला मेंढपाळ पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेतो ना, लॉजिक तेच!

फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनाही हा कोट आवडायचा. इटलीत तर आजही त्याला 'माँटगोमेरी'च म्हणतात.

१९४५ ला युद्ध संपलं आणि सरकारकडे कोटांचे ढीग उरले. हॅरॉल्ड आणि फ्रीडा मॉरिस हे नवरा-बायको हातमोजे आणि ओव्हरऑल विकायचे. त्यांनी हा उरलेला माल घेऊन विकायला काढला. त्यांच्या कंपनीचं नावही ग्लव्ह आणि ओव्हरऑल जोडून केलेलं: ग्लोव्हरऑल. जुना माल संपल्यावर त्यांनी स्वतःचा कोट बनवला. लाकडाच्या जागी शिंग आलं, दोरीच्या जागी चामडं.

हा माल स्वस्त होता, म्हणून तो विद्यार्थ्यांच्या अंगावर आला. आणि इथे गोष्ट पलटते. १९५८ च्या ईस्टरला हजारो लोक लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातून अल्डरमास्टनच्या अण्वस्त्र केंद्राकडे चालत निघाले. अंतर ८० किलोमीटरच्या वर, चार दिवस, तेही थंडी-पावसात. गोलातलं ते शांततेचं चिन्ह माहितीये ना, टी-शर्टवर असतं ते? जेराल्ड होल्टम यांनी ते याच मोर्चासाठी काढलं होतं. आणि अशा मोर्चांची ओळखच बनला डफल कोट. लढाईसाठी शिवलेला कोट घालून पोरं म्हणत होती, आता लढाई नको!

त्याच वर्षी पॅडिंग्टन अस्वलाचं पहिलं पुस्तक आलं. त्याच्याही अंगात डफल कोटच.

मी पुढे चॅरिटी शॉपमधून एक जुना डफल कोट घेतला. त्याला शिंगाच्या विट्या आहेत, म्हणजे तो काही आर्क्टिकला गेलेला नाही. एक विटी वेगळ्या रंगाची आहे, कुणीतरी हाताने शिवलेली. तो कोट कुणी, कुठे घातला असेल, माहीत नाही. पण जुनं ते सोनं म्हणून तो मला आवडत नाही. तो बनवणाऱ्याने आधी विचार केला होता, की घालणारा कुठे उभा आहे आणि त्याच्या बोटांची काय अवस्था आहे. कोड लिहिताना मी स्वतःला हा प्रश्न किती वेळा विचारतो? खरं सांगू, फार कमी.

तुमच्या घरात आजोबांचा एखादा जुना कोट असेल, तर टाकून देण्याआधी एकदा त्याची बटणं बघा. भेटू पुढच्या भागात!