कण्हेर

(सं. करवीर, हयमारक; हिं. कनेर, गु. करेण, क. कणगिले, लॅ. नेरियम ओलिअँडर, कुल-ॲपोसायनेसी). सुमारे २–४ मी. उंचीचे हे सदापर्णी फुलझुडूप भूमध्य सागराच्या परिसरापासून भारतापर्यंत व पुढे चीनपर्यंत आढळते. पाने लांबट, चिवट व बहुधा एका पेऱ्यावर तीन. फुले पांढरी, गुलाबी वा तांबडी. फळ शेंगेसारखे व बिया केसाळ असतात. बिट्टी किंवा पिवळी कण्हेर ही याच कुलातील, परंतु मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वेगळी वनस्पती होय.

संस्कृत वाङ्मयात करवीराचा उल्लेख शोभेची, पूजेची व विषारी अशा तिन्ही नात्यांनी येतो. अमरकोशात त्यास ‘हयमारक’ म्हणजे घोड्यास मारणारा असा पर्याय दिला आहे, तर सुश्रुतसंहितेत त्याची गणना मूळविषांत केली आहे. मृच्छकटिक नाटकात वधस्थानी नेल्या जाणाऱ्या चारुदत्ताच्या गळ्यात करवीराची माळ असते. याउलट गणेशपूजेच्या एकवीस पत्रींत करवीरपत्रास स्थान आहे. त्यामुळे मोरया गोसावींच्या समाधीमुळे गाणपत्य संप्रदायाचे केंद्र बनलेल्या चिंचवडला ही वनस्पती परकी नाही. लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला आजचे शास्त्रीय नाव दिले.

कण्हेर नैसर्गिक अवस्थेत नद्या-ओढ्यांच्या खडकाळ पात्रांत वाढते. तेथे पावसाळ्यात पूर व एरवी कोरडा दगडगोटा अशी स्थिती असते. या जीवनक्रमास अनुरूप अशी तिच्या पानाची रचना आहे. उपत्वचा जाड, अपित्वचा अनेकस्तरीय आणि त्वग्रंध्रे पानाच्या खालच्या बाजूस केसाळ खळग्यांत दडलेली असल्याने बाष्पोच्छ्‌वास मर्यादित राहतो. मरुवनस्पतीचा नमुना म्हणून कण्हेरीच्या पानाचा छेद महाविद्यालयांत आवर्जून अभ्यासला जातो.

पिंपरीच्या परिसरात या गुणास महत्त्व आले ते औद्योगिकीकरणानंतर. पवना नदीकाठच्या या शेतीप्रधान टापूत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली व १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने (२०२१ मध्ये विसर्जित) आखीव वसाहती उभारल्या. कामगार वसाहतींचे अंगण, कारखान्याची कुंपणभिंत व रस्त्याचा दुभाजक ही बागेची नवी ठिकाणे ठरली. दख्खनच्या बेसाल्टावरील उथळ मुरमाड जमीन आणि मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडणारा पाऊस यांमुळे वर्षाचे सात-आठ महिने नाजूक झाडांना पाणी पुरवावे लागते. मूळ धरल्यानंतर अल्प पाण्यावर तगणारी, धूळ व धूर सोसणारी आणि गुरांनी न खाल्लेली अशी झुडपे थोडी. कण्हेर व बोगनवेल ही त्यांतील प्रमुख होत.

लागवड छाट कलमांनी करतात. पावसाळ्याच्या आरंभी १५–२० सेंमी. लांबीचे पक्व फांदीचे तुकडे लावल्यास ते सहज मुळे धरतात. रोपांत सु. १–१·५ मी. अंतर ठेवतात. जागा उन्हाची व निचऱ्याची हवी. सावलीत फुले कमी येतात. पहिल्या उन्हाळ्यात नियमित पाणी दिल्यास पुढे क्वचितच द्यावे लागते. फुले नव्या फुटीच्या शेंड्यांवर येत असल्याने बहर ओसरल्यावर छाटणी करतात. पिवळा मावा कोवळ्या शेंड्यांवर पडतो. काही फुलपाखरांच्या व पतंगांच्या अळ्या याच पानांवर पोसल्या जातात.

जो गुण कुंपणास उपकारक, तोच माणसास घातक ठरतो. झाडाच्या सर्व भागांत ओलिअँड्रिनासारखी हृदयक्रियेवर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात व पाने वाळली तरी ती नष्ट होत नाहीत. विषबाधेत वांती, मंद व अनियमित नाडी आणि प्रसंगी मृत्यू संभवतो. म्हणून घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास रुग्णालयात नेणे आवश्यक असते. २०२४ मध्ये केरळमधील एका तरुणीच्या मृत्यूनंतर त्रावणकोर व मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य व प्रसादात कण्हेरीची फुले वापरण्यास मनाई केली. परंपरेने विष म्हणून ओळखलेली वनस्पती नागरी बागेत केवळ शोभेची मानली गेली, की हे ज्ञान लोपते. यास्तव बालवाडी, खेळाची मैदाने व जनावरांचे गोठे यांजवळ ती लावू नये. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत अथवा वैरणीत मिसळू देऊ नयेत. हाताळल्यावर हात धुवावेत.

अणुबाँबने उद्ध्वस्त झालेल्या हीरोशिमात १९४५ नंतर कण्हेर लवकर फुलली. त्या नगराने १९७३ मध्ये तिला आपले अधिकृत पुष्प ठरविले. उजाड जमिनीत तग धरण्याची ही शक्ती पिंपरीसारख्या उद्योगनगरीस उपयुक्त आहे. मात्र तिचा लाभ जागेच्या विचारपूर्वक निवडीवर अवलंबून राहतो.