पाणी देणारं माणूस

आमची आजी प्लेगची गोष्ट ऐकीव सांगायची आणि मानमोडीची डोळ्यांनी पाहिलेली. प्लेगात घरात उंदीर पडायला लागले की गाव घराला कुलपं लावून माळावर झोपड्या घालायचं, हे तिला तिच्या आईने सांगितलेलं. 1918 साली मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाचा, ताप आला तेव्हा आजी दहा वर्षांची होती. सातारा जिल्ह्यातलं तिचं माहेर, त्या वर्षी पावसाने दगा दिलेला, ज्वारी करपलेली, कणगी तळाला गेलेली. अशात तिचा गिरणीतला चुलता मुंबईहून पितरांना जेवायला म्हणून आला, तो तापाने फणफणतच. तिसऱ्या दिवशी घरातली सगळी मोठी माणसं आडवी झाली.

प्लेगचा अनुभव ताजा असल्यामुळे गावातली काही घरं याही वेळी माळावर गेली. पण प्लेग उंदरांच्या पिसवांतून यायचा, घर सोडलं की माणूस वाचण्याची आशा असायची. हा ताप माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून पसरत होता. एकेका झोपडीत आठ-आठ माणसं दाटीने निजली आणि तापही त्यांच्यासोबत माळावर गेला. आदल्या संकटाने शिकवलेलं शहाणपण पुढच्या संकटात जसंच्या तसं लागू पडत नाही, हे त्या माणसांना कोण सांगणार होतं? तो रोग विषाणूचा आहे हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रयोगशाळेत सापडला तो 1933 साली.

मुंबईत या साथीची पहिली चाहूल लागली ती जूनमध्ये. 10 जून 1918 रोजी सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. महायुद्धाच्या धामधुमीत बंदरात जहाजांची सतत ये-जा होती. ती पहिली लाट त्या मानाने सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली ती काळ होऊन. 6 ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत 768 मृत्यूंची नोंद झाली. तेव्हा सर्वपित्री नुकतीच होऊन गेली होती. आजीच्या चुलत्यासारखी किती माणसं त्या आठवड्यांत आगगाडीत बसून गावी गेली असतील! मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली, देशात सव्वा कोटीच्या पुढे. 1921 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. त्यानंतर कुठल्याच जनगणनेत तसं झालेलं नाही.

मरणही सगळ्यांना सारखं आलं नाही. मुंबई शहरात अस्पृश्य मानलेल्या जातींमधला मृत्युदर हजारी साठाच्या वर होता आणि युरोपीय लोकांमधला हजारी आठाच्या आसपास. चाळीतली कोंदट खोली आणि हवेशीर बंगला यांच्यातला हा फरक होता, पोटातल्या अन्नाचा आणि उशाशी बसलेल्या माणसाचाही होता. म्हणून साथीबद्दल बोलताना नुसतं विषाणूबद्दल बोलणं मला अपुरं वाटतं.

आजीच्या आईची गोष्ट मी लहानपणी पुष्कळदा ऐकली. माजघरात ओळीने घोंगड्यांवर सगळे निजलेले. वारा बाधेल म्हणून दार लावलेलं, खिडकी नव्हतीच. आत चुलीचा धूर, तुळशीच्या काढ्याचा वास आणि खोकल्यांची उबळ. पणजीच्या अंगातही ताप होता, पण आडावरून पाणी तीच आणायची, कण्यांची पेज तीच करायची, थुंकीची राखेची मडकी तीच बाहेर नेऊन रिकामी करायची. चौथ्या दिवशी पाण्याची घागर उंबऱ्यात ठेवली आणि तिथेच बसली ती पुन्हा उठली नाही. पुढे शेजारची एक विधवा चुलती दोन्ही वेळा पेज घेऊन आली. दार तिने सताड उघडलं, पोरांना पडवीत हलवलं आणि आजाऱ्यांच्या तोंडाला पाणी लावलं. घरातली बाकीची माणसं त्यामुळे वाचली, असं आजी ठामपणे सांगायची. “आईला तापानं न्हाई नेली पोरी, कामानं नेली,” हे तिचं वाक्य ठरलेलं.

आजीचं हे म्हणणं त्या काळच्या आकड्यांशी जुळतं. ही साथ म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांवर जास्त उलटली, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका अधिक दगावल्या. आधीच अर्धपोटी, त्यात सगळ्यांचं उष्टंखरकटं आणि शुश्रूषा त्यांच्याच वाट्याला. घरात उभं असलेलं शेवटचं माणूस पडलं की मग औषधाअभावीच नव्हे, पाण्याअभावीही माणसं जातात.

2009 साली पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा मी पुण्यातच होते. ऑगस्टच्या सुरुवातीला शाळेत जाणाऱ्या एका मुलीचा मृत्यू झाला. या साथीतला तो देशातला पहिला बळी. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, रस्तोरस्ती तोंडाला रुमाल दिसू लागले. आमच्या सोसायटीत कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या वाटल्या गेल्या. त्यांना मी विरोध केला नाही, पण त्यांच्यावर विसंबून राहण्यासारखं त्यात काही नाही. शेजारच्या घरी मुलगा तापाने पडला, तेव्हा त्याच्या आईने आजीच्या त्या चुलतीने केलं तसंच काहीसं केलं: त्याला खिडकीच्या खोलीत एकटं ठेवलं, ताटवाटी वेगळी केली, आणि सासूबाईंना त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. पण स्वतः मात्र ती रात्रंदिवस त्याच्या उशाशी, तोंडाला काही न बांधता बसून राहिली. पाचव्या दिवशी तीही अंथरुणाला खिळली.

फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस रोग पसरवू शकतो. म्हणून आजाऱ्याची खोली वेगळी असावी, खिडक्या उघड्या असाव्यात, आणि सेवेला शक्यतो एकच धडधाकट माणूस असावं. गरोदर बाई किंवा दम्या-मधुमेहाचं माणूस नको. त्या माणसाने आजाऱ्याजवळ जाताना मास्क लावावा, बाहेर आल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि त्याच्या झोपेची नि जेवणाची जबाबदारी घरातल्या दुसऱ्याने घ्यावी. धाप लागली, ओठ निळसर दिसले, छातीत दुखलं, मूल पाणीही घेईना किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावं. विषाणूविरोधी औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर गुण अधिक. उरलेल्या गोळ्या शोधून अँटिबायोटिक घेण्यात अर्थ नाही, आणि मुलांना अ‍ॅस्पिरिन तर मुळीच देऊ नये.

आजीच्या आईकडे यातलं काही नव्हतं. आपल्याकडे लस आहे. विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात साथ वाढते म्हणून त्याआधी घेतलेली बरी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देता येत नाही. गरोदरपणी आईने घेतली तर बाळालाही संरक्षण मिळतं. घरात लस द्यायची म्हटली की आपण आजोबांचं, नातवाचं नाव आधी घेतो, ते बरोबरच आहे. पण त्याच यादीत घरात आजारपण आल्यावर ज्या बाईवर सगळा भार पडणार आहे, तिचंही नाव लिहा. आणि ती आजारी पडली तर पेज कोण करणार, हे आजच ठरवून ठेवा.